गोणपाटावरचे शंभर दाणे : नमुन्यावरून पोत्याबद्दल किती बोलता येतं?

मेच्या शेवटच्या आठवड्यात मामांचा फोन आला. गावातल्याच एकाकडून त्यांनी सोयाबीनचं बियाणं घेतलं होतं. देणारा म्हणाला होता, "सत्तर टक्के तर डोळे झाकून उगवतं." मामांनी डोळे झाकले नाहीत. गोणपाट भिजवलं, शंभर दाणे लावले, सातव्या दिवशी मोजले. चौसष्ट.

"तू स्टॅटिस्टिक्स शिकवतोस ना? मग सांग, पेरू का परत करू?"

"मामा, शंभर दाण्यांवरून ते ठामपणे सांगता येणार नाही."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "एवढं शिकून काय केलंस रे मग?"

फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं शेतीची आहेत, पण मतदारांचा कल असो, कारखान्यातले बोल्ट असोत की दवाखान्यातली औषधाची चाचणी असो, पायऱ्या याच. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. वर्गमूळापलीकडचं गणित लागणार नाही.

पायरी १ : आपण नक्की कशाबद्दल बोलतोय ते ठरवा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण तो भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. तरीही रोज स्वयंपाक करणारं माणूस वरचं शीत घेत नाही आणि तळाचंही घेत नाही. पळी घालून मधलं काढतं आणि बोटांत दाबून बघतं. नमुना कसा काढायचा याची अक्कल घराघरात आहे. आपण ती फक्त आकड्यांच्या नादात विसरतो.

ज्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो सगळा समूह म्हणजे समष्टी. मामांच्या बाबतीत त्यांच्या पडवीत ठेवलेली दोन पोती ही समष्टी. देणाऱ्याच्या घरात उरलेलं बियाणं तिच्यात येत नाही, पुढच्या वर्षीचं तर नाहीच. त्या समष्टीचा एक खरा आकडा असतो: दोन्ही पोत्यांतले सगळे दाणे लावले तर किती टक्के उगवतील तो. पण तो मोजायला गेलं तर पेरायला काही उरत नाही. म्हणून नमुना.

आणि दावा? "किमान ७० टक्के." हा आकडा देणाऱ्याच्या मनातून आलेला नाही. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान उगवणशक्ती ७० टक्के लागते, म्हणून गावोगाव तोच बोलला जातो. आपल्याला हे फार सोयीचं आहे, कारण दावा आपण आकडे बघण्यापूर्वीच ठरलेला आहे. याचं महत्त्व पुढे येईल.

पायरी २ : नमुना काढा, निवडू नका

बहुतेक चुका इथेच होतात, आणि इथली चूक पुढच्या कुठल्याही सूत्राने धुऊन निघत नाही.

सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. पोतं उंचावरून आदळलं, थप्पी फार उंच लावली की दाण्याला मार बसतो आणि उगवण घटते. म्हणजे तळाचे दाणे आणि वरचे दाणे एकसारखे असतीलच असं नाही. ओलीच्या भिंतीला टेकलेल्या पोत्याचीही तीच गत. म्हणून प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, तळातून असं मूठमूठ काढायचं, सगळं सुपात एकत्र करून हलवायचं आणि त्यातून दाणे मोजायचे.

मोजताना हाताकडे लक्ष ठेवा. मी मामींना मोजताना पाहिलंय: बोटं आपोआप टपोऱ्या, गोल दाण्याकडे जातात आणि चिरलेला, सुरकुतलेला बाजूला सरकतो. त्यात लबाडी काही नाही, वर्षानुवर्षं डाळ निवडलेल्या हाताची ती सवय आहे. पण असे शंभर दाणे पोत्याचे प्रतिनिधी नव्हेत, ते पोत्यातले गुणवंत विद्यार्थी झाले. उपाय सोपा आहे: सुपाचा एक कोपरा धरा आणि त्या बाजूने जसे येतील तसे शंभर ओढा. फुटका आला तर फुटका.

यालाच यादृच्छिक निवड म्हणतात. "कसंही उचललं" म्हणजे यादृच्छिक नव्हे. प्रत्येक दाण्याला येण्याची सारखी संधी मिळाली, माणसाच्या आवडीनिवडीला जागा उरली नाही, म्हणजे यादृच्छिक.

नमुना मोठा घेतला की हा दोष झाकला जातो असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि उत्तर पाठवायची तसदी कोणी घेतली हाही भाग होताच. लाखो दाणे होते, पण सगळे सुपाच्या वरच्या थरातले.

पायरी ३ : काय मोजायचं ते लावण्यापूर्वी लिहा

गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांत बोटभर अंतर. वर दुसरा ओला तुकडा, अलगद गुंडाळी, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा.

उघडल्यावर वाद सुरू होतो. नुसतं टरफल फुटलंय, तो उगवला म्हणायचा का? मूळ आलंय पण वाकडं आहे? कोंबाला बुरशी आहे? हा निर्णय गुंडाळी सोडण्याआधी कागदावर हवा: "निरोगी मूळ आणि कोंब दोन्ही असेल तोच उगवलेला." नाहीतर बियाणं ज्याला विकायचंय त्याची मोजणी बहात्तर येते आणि ज्याला परत करायचंय त्याची एकसष्ट.

पायरी ४ : अंदाज सांगा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागाही

मामांच्या नमुन्यात १००पैकी ६४. म्हणजे पोत्याबद्दलचा आपला एकआकडी अंदाज ६४ टक्के. पुन्हा शंभर लावले असते तर ६४च आले असते? नाही. ६८ आले असते, किंवा ५९. हे हेलकावे साधारण किती मोठे असतात ते सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण त्रुटी:

प्रमाण त्रुटी = √( उगवलेल्यांचा वाटा × (१ − उगवलेल्यांचा वाटा) ÷ दाणे )

= √( ०.६४ × ०.३६ ÷ १०० ) = ०.०४८

म्हणजे ४.८ टक्के. याला १.९६ने गुणा (तोंडी हिशोबाला २ चालतात): ९.४. अंदाजाच्या दोन्ही बाजूंना तेवढं अंतर सोडा: ५४.६ ते ७३.४ टक्के. हा ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल.

"९५ टक्के"चा अर्थ मी परीक्षेत दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी बरेच जण चुकतात. खरा आकडा या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के, असं ते म्हणत नाही. पोत्याचा खरा आकडा हलत नाही, हलतो तो आपला अंतराल. याच पद्धतीने शंभर वेळा नमुने काढून शंभर अंतराल बांधले, तर साधारण ९५ अंतरालांच्या पोटात खरा आकडा सापडेल. आपल्या हातातला अंतराल त्या ९५पैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे आपल्याला कधीच कळत नाही. विश्वास पद्धतीवर आहे, या एका निकालावर नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडे बघा. ५४.६ ते ७३.४. या पट्ट्यात ७०सुद्धा आहे आणि ५६सुद्धा. ७० असेल तर निर्धास्त पेरा, ५६ असेल तर पेरणी वाया जाईल. शंभर दाणे या दोन परिस्थितींत फरक करू शकत नाहीत. "सांगता येणार नाही" याचा अर्थ एवढाच होता.

सूत्रातली एक गोष्ट नजरेतून सुटते. त्यात पोत्याचा आकार कुठेच नाही. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर ३० किलोच्या पिशवीत अडीच लाख दाणे होतात. पिशवी एक असो की ट्रकभर, नीट मिसळलेल्या मालातून काढलेल्या शंभर दाण्यांची त्रुटी तेवढीच. "एवढ्या मोठ्या राज्यात फक्त दीड हजार लोकांना विचारलं?" ही तक्रार म्हणूनच चुकीच्या जागी असते. दीड हजार पुरतात. प्रश्न ते कोणते दीड हजार हा असतो.

पायरी ५ : दाव्याची परीक्षा

अंदाज करणं आणि दावा तपासणं या एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत, पण विचाराची दिशा उलटी होते. आता दावा घटकाभर खरा माना: समजा, पोत्याची उगवण खरंच ७० टक्के आहे. मग शंभर दाण्यांत ६४ किंवा त्याहून कमी उगवणं किती विरळ?

"घटकाभर खरा मानलेला" दावा म्हणजे शून्य परिकल्पना. तिच्यासमोर उभी पर्यायी परिकल्पना: उगवण ७०पेक्षा कमी आहे. आपण एकाच बाजूला बघतोय, कारण ७०हून जास्त उगवलं तर कोणाची तक्रार नाही.

सूत्रावर विश्वास नसेल तर खेळ करून बघा. पिशवीत ७ पांढरी आणि ३ लाल बटणं टाका. न बघता एक काढा, नोंदवा, परत टाका, हलवा, असं शंभरदा. किती पांढरी आली ते लिहा आणि पुन्हा सुरुवात करा. कंटाळा येईल, पण घरात मुलं सुट्टीवर असतील तर कामाला लावा. साधारण चारांतल्या तीन वेळी उत्तर ६५ ते ७५मध्ये येईल. अधूनमधून ६२ येईल, ७९ही येईल. ६४ला कोणी दचकणार नाही.

तेच सूत्रात: दावा खरा असेल तर अपेक्षित दाणे ७०, आणि हेलकाव्याचं माप √(१०० × ०.७ × ०.३) = ४.५८. आपला आकडा ६४. मोजणी पूर्णांकांत असल्याने अर्ध्याची दुरुस्ती करून ६४.५ घेऊ. तो ७०पासून हेलकाव्याच्या मापाच्या किती पट दूर आहे, ते सांगतो झेड:

झेड = (६४.५ − ७०) ÷ ४.५८ = −१.२०

संख्याशास्त्राच्या पुस्तकामागच्या झेड-तक्त्यात −१.२०च्या डावीकडे ०.११५. हीच पी-व्हॅल्यू. अर्थ: खरोखर ७० टक्क्यांच्या पोत्यातूनही शंभरातल्या ११-१२ वेळा असा किंवा याहून वाईट निकाल येईल. रूढ रेषा ५ टक्क्यांची. ११.५ तिच्या वर, म्हणून दावा फेटाळता येत नाही.

मामा लगेच म्हणाले, "म्हणजे बियाणं चांगलं आहे." नाही. वाईट आहे हे सिद्ध झालं नाही, एवढंच. पुरावा अपुरा असणं आणि दावा खरा असणं यांत हातभर अंतर आहे. वर्तमानपत्रात "फरक आढळला नाही" असं वाचलं की मी पहिल्यांदा नमुना किती होता ते शोधतो.

पी-व्हॅल्यूचा दुसरा गैरसमज त्याहून चिवट आहे. ०.११५ म्हणजे "दावा खरा असण्याची शक्यता साडेअकरा टक्के" नव्हे. दावा खरा धरूनच तर तो आकडा काढलाय. मग तोच आकडा दाव्याच्या खरेपणाचं माप कसा होईल?

पायरी ६ : कोणती चूक महाग पडते ते आधी ठरवा

५ टक्क्यांची रेषा काही वेदवाक्य नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या सुमारास ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुस्तकांतून ती पक्की झाली. तुमच्या कामाला कोणती रेषा योग्य, हे चुकांच्या किमतीवर ठरतं.

चुका दोन. चांगलं बियाणं वाईट ठरवून परत केलं: धावपळ, थोडे पैसे, देणाऱ्याशी वाईटपणा. वाईट बियाणं चांगलं समजून पेरलं: पंधरा दिवसांनी शेतात नुसत्या फटी, दुबार पेरणी, आणि तोवर पाऊस थांबायचा नाही. कोणती चूक महाग हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मामांच्या बाबतीत रेषा १० टक्क्यांवर ठेवणं मला रास्त वाटतं. औषधाच्या चाचणीत ती उलट खाली न्यावी लागेल. फक्त ही रेषा निकाल बघण्याआधी आखायची. नंतर आखली की ती हव्या त्या ठिकाणी पडते.

दुसरी चूक टाळण्याची ताकद नमुन्याच्या आकारातून येते. समजा खरी उगवण ६० टक्केच आहे. ५ टक्क्यांच्या रेषेने शंभर दाण्यांची परीक्षा घेतली, तर ६१ किंवा कमी उगवले तरच आपण दावा फेटाळू, आणि असं घडण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के. म्हणजे दर दहांतली जवळपास चार वाईट पोती हसत हसत सुटतील. तेच तीनशे दाणे लावले तर पकडण्याची शक्यता ९७ टक्के होते. घरच्या चाचणीत शंभर-शंभर दाण्यांचे तीन नमुने लावायला सांगतात ते उगाच नाही.

आणि किती दाणे पुरे? उगवण ७०च्या आसपास धरली तर ±१० टक्क्यांसाठी ८१ दाणे, ±५साठी ३२३, ±३साठी ८९७. त्रुटी निम्मी करायची तर दाणे चौपट, कारण सूत्रात वर्गमूळ बसलेलं आहे. ±१ टक्का हवा म्हणणाऱ्याला आठ हजारांवर दाणे मोजावे लागतील. त्याला खुशाल मोजू द्यावं.

मध्येच एक अडचण : आकडा बरोबर, गोणपाट कोरडं

मामांना मी चारशे दाणे लावायला सांगितलं. चार गोणपाटं. आठवड्याने फोन: "दोनशे छप्पन. म्हणजे बघ, पुन्हा चौसष्टच टक्के."

हिशोब मी फोन ठेवायच्या आत केला. अपेक्षित २८०, हेलकाव्याचं माप ९.१७, झेड = (२५६.५ − २८०) ÷ ९.१७ = −२.५६, पी-व्हॅल्यू ०.००५. हजारातून पाचदा घडणारी गोष्ट. टक्केवारी तीच, दाणे चौपट, आणि निकाल पूर्ण फिरला. वर्गात सांगायला छान उदाहरण मिळालं म्हणून मी खूश.

मग सहज विचारलं, "चारही गोणपाटांचे वेगवेगळे सांगा की."

"एकाहत्तर, एकोणसत्तर, सत्तर... आणि शेचाळीस."

बेरीज २५६ बरोबर आहे. पण खरी उगवण ६४ टक्के असती तर शंभराच्या गठ्ठ्यात हेलकावे ४.८चे हवेत. ६६, ६१, ६८, ६१ असं काही आलं असतं तर शंका नव्हती. ४६ हा सरासरीपासून १८ने खाली, म्हणजे पावणेचार पट. नशिबाने असं होत नाही. चौकशी केल्यावर कळलं: चौथी गुंडाळी दाराजवळ होती, दुपारचं ऊन तिच्यावर येत होतं, आणि दोन दिवस पाणी शिंपडायचं राहिलं होतं.

आपलं सूत्र मानून चालतं की प्रत्येक दाण्याचं नशीब स्वतंत्र आहे. एका कोरड्या गोणपाटावरचे शंभर दाणे स्वतंत्र नसतात; ते एकत्र बुडतात. सर्वेक्षणातही हेच होतं: एकाच वाड्यातल्या चाळीस लोकांना विचारलं तर ती चाळीस मतं नव्हेत, पाच-सात मतांचे पडसाद असतात. म्हणून सूत्रात आकडे घालण्यापूर्वी ते गठ्ठ्या-गठ्ठ्याने पसरून नुसते बघा. मी बघितले नव्हते.

पुढे काय करायचं यातही मोह असतो. चौथं गोणपाट वगळून ३००पैकी २१० म्हटलं की बरोब्बर ७० टक्के होतात, सगळे खूश. पण वगळायचं कारण आपल्याला आकडा वाईट दिसल्यावर सापडलंय. बाकीच्या तिघांची अशी उलटतपासणी कोणी केली? मी मामांना सगळं पुन्हा लावायला सांगितलं. शिव्या बसल्या.

सरासरीचा दावा असेल तर

उगवला की नाही, ही हो-नाहीची मोजणी झाली. जिथे प्रत्येक नगाचं माप वेगळं असतं, उदाहरणार्थ हेक्टरी उत्पादन, तिथे सरासरी येते. याचं आपल्याकडचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण म्हणजे पीक कापणी प्रयोग. पीकविम्याची भरपाई त्यांवर ठरते, आणि २०१६च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळासाठी एका पिकाचे किमान १० प्रयोग धरलेले आहेत. दहा तुकडे, आणि त्यांवर मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांचा निकाल.

तुकडा कुठला, हे शेतकरी सांगत नाही आणि कृषी सहायकही नाही. गट नंबर यादृच्छिक संख्येने निघतो. शेतात नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीत किती पावलं आणि रुंदीत किती, हेही यादृच्छिक संख्येने. कारण बांधावर उभा राहिलेला माणूस "इथे घ्या" म्हणतो ती जागा कधीच सरासरी नसते.

हिशोबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. १० × ५ मीटरचे दहा तुकडे, वाळवलेल्या सोयाबीनचं वजन किलोत: ७.२, ५.१, ६.४, ८.३, ४.६, ६.९, ५.८, ७.५, ३.९, ६.३.

बेरीज ६२, सरासरी ६.२ किलो. तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणून २००ने गुणून हेक्टरी १,२४० किलो. आता प्रत्येक वजनातून ६.२ वजा करा, वर्ग करा, बेरीज करा: १६.८६. दहाने नव्हे, एक कमी करून ९ने भागा: १.८७३. वर्गमूळ १.३७. हे प्रमाण विचलन. एक तुकडा सरासरीपासून साधारण किती दूर असतो ते माप. (९ने का? सरासरी याच दहा आकड्यांतून काढल्यामुळे ती त्यांच्या जरा जास्तच जवळ बसते. ती लाडीगोडी भरून काढायला.) सरासरीची प्रमाण त्रुटी = १.३७ ÷ √१० = ०.४३३.

इथे १.९६ चालत नाही. दहाच आकड्यांतून काढलेलं विचलन स्वतःच डळमळीत असतं, म्हणून गुणक थोडा मोठा घ्यावा लागतो. हे ओळखलं डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने. त्याला प्रयोग करायला मोजकेच नमुने मिळायचे. १९०८मध्ये त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध छापला, आणि टी-तक्त्याचं मूळ त्यात आहे. तक्ता बघायचा तो आकड्यांपेक्षा एक कमी करून; दहा आकडे म्हणजे ९ स्वातंत्र्यमात्रा. ९५ टक्क्यांसाठी गुणक २.२६२.

६.२ ± ०.९८, म्हणजे ५.२२ ते ७.१८ किलो. हेक्टरी १,०४४ ते १,४३६.

समजा मंडळाचं उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते ते) १,४०० किलो आहे, म्हणजे तुकड्याला ७ किलो. झेडसारखाच इथे टी = (६.२ − ७) ÷ ०.४३३ = −१.८५. "उत्पादन उंबरठ्यापेक्षा कमी आहे का?" असं एकाच बाजूने विचारलं तर तक्त्यातली रेषा १.८३३, आपण काठावरून पलीकडे. "वेगळं आहे का?" असं दोन्ही बाजूंनी विचारलं तर रेषा २.२६२, आपण अलीकडे. आकडे तेच, प्रश्न बदलला की उत्तर बदललं. प्रश्न आधी लिहून ठेवा असं मी परत परत म्हणतो ते यासाठी.

गंमत म्हणजे विम्याच्या सूत्रात यातलं काहीच नाही. तिथे १,४०० वजा १,२४०, भागिले १,४००, म्हणजे ११.४ टक्के तूट, आणि विमा रकमेच्या तेवढी भरपाई. दोनशे किलोंची दोन्हीकडची मोकळी जागा कागदावर येतच नाही. दहा तुकड्यांतला एखादा इकडचा तिकडे झाला तर भरपाई कमी-जास्त होते, हे ज्यांनी सोसलंय त्यांना प्रमाण त्रुटी वेगळी शिकवावी लागत नाही.

तुकडा केवढा घ्यावा यावरून १९४०च्या दशकात मोठा वाद झाला होता. दोघेही संख्याशास्त्रज्ञ. एका बाजूला कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, छोट्या तुकड्यांच्या बाजूने. दुसऱ्या बाजूला साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की छोट्या तुकड्यांत उत्पादन फुगून दिसतं, कारण काठावरची झाडं आत धरली जातात. हिशोब करून बघा. दोरी चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर बाहेर सरकली, तर १ × १ मीटरचा तुकडा १.१ × १.१ होतो: २१ टक्के वाढ. १० × ५चा होतो १०.१ × ५.१: फक्त ३ टक्के. असे छोटे तुकडे हजार घेतले तरी २१ टक्के जात नाहीत; उलट अंतराल अरुंद होत जातो आणि आपण चुकीचं उत्तर जास्त आत्मविश्वासाने सांगतो.

दोन वाणांची तुलना, थोडक्यात

एका वाणाचे ३००पैकी २०७ उगवले, दुसऱ्याचे २२२. म्हणजे ६९ आणि ७४ टक्के. एकत्रित प्रमाण ०.७१५. फरकाची प्रमाण त्रुटी √( ०.७१५ × ०.२८५ × (१/३०० + १/३००) ) = ०.०३७. झेड = ०.०५ ÷ ०.०३७, साधारण १.३६, दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.१७. दुकानात बसून "दुसरं वाण चांगलं" म्हणण्याइतका हा फरक नाही. दोन्हींचे अंतराल वेगवेगळे काढून ते एकमेकांवर येतात का, असं बघायची पद्धत सर्रास दिसते. ती ढोबळ आहे, फरकाचीच त्रुटी काढावी.

आणखी एक. हवा तो निकाल येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करणं ही सगळ्यात सभ्य दिसणारी फसवणूक आहे. बरोबर ७० टक्क्यांची वीस पोती ५ टक्क्यांच्या रेषेने तपासली तर त्यांतलं साधारण एक विनाकारण नापास होतं. आणि नापास पोतं तीन-चारदा लावलं तर एखाद्या वेळी पास होतंच. किती वेळा लावलं, हे निकालाइतकंच सांगितलं पाहिजे.

वहीत काय लिहायचं

मामांनी तिसऱ्यांदा लावलं, या वेळी तीन गोणपाटं, तिन्ही आतल्या खोलीत. आकडे आले ६६, ७०, ६३. सूत्र त्यांना मी फोनवर सांगितलं, गुणाकार त्यांच्या नातीने केला. तिच्या अक्षरातली नोंद अशी आहे:

"सोयाबीन, दोन पोती, दोन्हींतून वर-मध्ये-खाली. ३०० दाणे, न निवडता. मूळ आणि कोंब दोन्ही असेल तर उगवला. उगवले १९९, म्हणजे ६६.३ टक्के. ९५ टक्के अंतराल ६१.० ते ७१.७. दावा ७०, फक्त कमी आहे का बघायचं, रेषा १० टक्के (आधी ठरवली). झेड −१.३२, पी ०.०९३. रेषेच्या खाली, दावा मान्य नाही. आधी दोनदा लावलं होतं: १००त ६४, ४००त २५६, त्यात एक गोणपाट कोरडं. ठरलं: परत नाही करायचं, एकरी बियाणं वाढवून पेरायचं. आजोबा म्हणाले, देणाऱ्याला आकडा दाखवायचा."